मधोमध काय आहे, ते आधी बघा

वाचकांचे प्रश्न, ग्रंथपालताईंची उत्तरं

विद्यापीठांचे परिसर आणि तिथल्या इमारती कशा पाहाव्यात, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं या वेळी घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी माझी ओळख एवढीच, की तेवीस वर्षं मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात होते. सत्राच्या पहिल्या आठवड्यात नव्या मुलांना परिसर फिरवून आणायचं काम माझ्याकडे असायचं. निवृत्त झाल्यावर जमेल तशी दुसरी विद्यापीठं पाहिली. जिथे जाणं झालं नाही, त्यांचे नकाशे आणि आराखडे अजून माझ्या टेबलावर पसरलेले असतात.

प्रश्न : ताई, पुढच्या महिन्यात मुलीला घेऊन एक विद्यापीठ बघायला जातोय. त्यांच्या नकाशात चाळीसएक ठिकाणांवर खुणा आहेत आणि आमच्या हाताशी फक्त एक सकाळ आहे. काय बघायचं आणि काय सोडायचं?
— एका बारावीच्या मुलीचे वडील

उत्तर : चाळीस ठिकाणांच्या मागे लागू नका. नकाशा हातात घ्या आणि आधी एवढंच शोधा, की परिसराच्या मधोमध काय आहे. प्रार्थनागृह आहे, ग्रंथालय आहे, मनोरा आहे, कुलगुरूंचं कार्यालय आहे, की नुसतं मोकळं मैदान आहे? ज्यांनी ते विद्यापीठ उभारलं त्यांना शिकणं म्हणजे काय वाटत होतं, ते त्या एका जागेवरून जितकं कळतं तितकं माहितीपुस्तिकेतून कळत नाही. मी मुलांना पहिल्या दिवशी तिथेच नेऊन उभं करायची आणि मगच चालायला लागायची.

उदाहरण देते. अमेरिकेतलं व्हर्जिनिया विद्यापीठ थॉमस जेफर्सन यांनी स्वतः आखलं. तिथे वर्ग 1825 मध्ये सुरू झाले. त्या काळी महाविद्यालय म्हटलं की मोक्याच्या जागी चर्च असायचं. जेफर्सननी तिथे ग्रंथालय बसवलं. रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिरावर बेतलेली, पण व्यासाने निम्मी असलेली घुमटाची ती इमारत रोटुंडा म्हणून ओळखली जाते. तिच्यासमोर लांबच लांब हिरवळ आहे आणि हिरवळीच्या दोन्ही अंगांना पाच-पाच अशी दहा दुमजली घरं. खालच्या मजल्यावर वर्ग भरायचा आणि वर प्राध्यापकांचं बिऱ्हाड असायचं. या घरांच्या मधल्या जागेत विद्यार्थ्यांच्या खोल्या, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत खांबांची ओवरी. दहाही घरांचा दर्शनी भाग एकमेकांपासून वेगळा केला आहे, तो मुद्दाम. वास्तुकला शिकणाऱ्याला वर्गाबाहेर पडल्यावरही धडा मिळावा, हा त्यामागचा हेतू. हिरवळीलगतच्या त्या खोल्यांत आजही शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी राहतात.

आता याच्या शेजारी नालंदाचा आराखडा ठेवून बघा. एका बाजूला ओळीने विहार, त्यांच्यासमोर ओळीने मंदिरं आणि मधून रुंद वाट. एखाद्या विहारात शिरलात की मधोमध उघडं अंगण लागतं, चारी बाजूंना भिक्षूंच्या खोल्या आणि दाराच्या अगदी समोर देवळी. राहणं, शिकणं आणि पूजा, सगळं त्या एका अंगणाभोवती. ह्युएन त्संग सातव्या शतकात शिकायला आला, तो अशाच एखाद्या अंगणात बसला असेल. मला तर विटांचं ते बांधकाम पाहताना कुठली भिंत कुणी बांधली यापेक्षा अंगणात ऊन कुठून येत असेल, याचाच विचार जास्त येतो.

आणि इटलीतल्या बोलोन्यात? तिथलं विद्यापीठ 1088 पासूनचं मानलं जातं, पण कित्येक शतकं त्याला स्वतःची इमारतच नव्हती. शिकवणं भाड्याच्या जागांत आणि गुरुजींच्या घरी चालायचं. सगळे वर्ग एका छपराखाली आणणारी आर्किजिनाझिओ ही इमारत 1563 मध्ये उभी राहिली. तिला दोन जिने आहेत, एक कायदा शिकणाऱ्यांसाठी आणि दुसरा वैद्यक, तत्त्वज्ञान वगैरे शिकणाऱ्यांसाठी. याच इमारतीत 1637 चं शरीरशास्त्राचं दालन आहे. सगळं लाकडात मढवलेलं, भोवताली बाकांच्या रांगा आणि मधोमध संगमरवरी टेबल. प्रेताचं विच्छेदन त्याच टेबलावर व्हायचं. प्राध्यापकांच्या उंच आसनावरचं छत दोन लाकडी पुतळ्यांनी तोलून धरलं आहे. दोघांच्याही अंगावर कातडी नाही, नुसते स्नायू दिसतात. 29 जानेवारी 1944 च्या बाँबहल्ल्यात हे दालन पडलं. ढिगाऱ्यातून लाकडाचे तुकडे वेचून ते पुन्हा जुळवलं आहे. तिथे गेल्यावर माझ्या शेजारच्या बाईंनी हळूच हात जोडले आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

तुमच्या सकाळीबद्दल आता. पहिला अर्धा तास मध्यभागी काढा. मग तिथलीच एखादी सर्वांत जुनी इमारत आतून बघा. त्यानंतर मुलगी ज्या विभागात शिकणार आहे तिथे जा, आणि तिथल्या सूचनाफलकासमोर दहा मिनिटं उभे राहा. कुणाची व्याख्यानं आहेत, कागद ताजे आहेत की मागच्या वर्षीचे पिवळे पडलेत, विद्यार्थ्यांनी स्वतः लावलेलं काही आहे का, सगळं वाचा. शेवटी एक तास सुटून दुसरा सुरू होण्याच्या वेळी बाहेर बाकावर बसा. मुलं कुठे घोळका करतात, शिक्षक कुणाशी थांबून बोलतात, ते दिसेल. त्या वेळी मुलीशी बोलू नका. तिला बघू द्या.

प्रश्न : आम्हाला परिसर दाखवणाऱ्या सिनिअर मुलाने इतक्या गोष्टी सांगितल्या की इमारती बाजूलाच राहिल्या. अमुक पायरीवर पाय दिला तर नापास होतो, तमुक पूल शास्त्रज्ञाने बांधला. यातलं किती खरं मानायचं?
— प्रथम वर्षाची विद्यार्थिनी

उत्तर : गोष्ट मन लावून ऐक. मग इमारतीवरची सालं बघ. बहुतेक वेळा एवढ्यावर निकाल लागतो.

केंब्रिजमध्ये क्वीन्स कॉलेजचा लाकडी पूल आहे. गणिती पूल म्हणतात त्याला. न्यूटनने तो खिळ्याशिवाय बांधला, पुढे विद्यार्थ्यांनी तो सुटा करून पाहिला आणि मग कुणालाच जोडता येईना, ही गोष्ट तिथे गेलेल्या प्रत्येकाने ऐकलेली असते. पूल पहिल्यांदा बांधला गेला 1749 मध्ये. आराखडा विल्यम एथरिजचा आणि बांधकाम जेम्स एसेक्सचं. न्यूटन त्याआधी 22 वर्षं, 1727 मध्येच वारला होता. आणि लाकडाचे सांधे आवळायला लोखंड पहिल्यापासून होतंच. गोष्ट गेली, तरी पूल उरतो आणि तो बघण्यासारखा आहे. सगळी लाकडं सरळ आहेत. कमान दिसते ती या सरळ लाकडांच्या एकमेकांना छेदण्यातून. काठावर उभी राहून एकेक लाकूड नजरेने मोजून बघ.

हार्वर्डमधल्या जॉन हार्वर्डच्या पुतळ्याची गंमत उलटी आहे. इथे लेखच चुकीचा आहे. चौथऱ्यावर कोरलंय, 'जॉन हार्वर्ड, संस्थापक, 1638'. विद्यापीठाची स्थापना 1636 ची. जॉन हार्वर्ड संस्थापक नव्हता. 1638 मध्ये तो वारला आणि आपली निम्मी मालमत्ता आणि सुमारे 400 पुस्तकं त्याने त्या नव्या संस्थेला ठेवली. चेहराही त्याचा नाही. त्याचं एकही चित्र उरलेलं नव्हतं, म्हणून शिल्पकार डॅनिएल चेस्टर फ्रेंच यांनी 1884 मध्ये पुतळा घडवताना एका विद्यार्थ्याला समोर बसवलं. लोक येतात, पायाला हात लावतात आणि फोटो काढून जातात. डावा पाय त्यामुळे झिजून चकाकतो. मला त्या पायापेक्षा पुस्तकांची हकीकत जास्त जवळची वाटते. 1764 च्या आगीत हार्वर्डने दिलेल्या ग्रंथसंग्रहाची राख झाली. एक पुस्तक तेवढं वाचलं, कारण ते त्या वेळी कुणीतरी वाचायला नेलेलं होतं. पुस्तक बाहेर गेलं म्हणून मी कित्येक मुलांवर चिडले आहे. ही हकीकत कळल्यानंतर चिडणं जरा कमी झालं.

त्याच आवारातल्या वाइडनर ग्रंथालयाबद्दल सांगतात, की टायटॅनिकवर मुलगा बुडाला म्हणून आईने देणगी देताना प्रत्येक विद्यार्थ्याला पोहता आलंच पाहिजे अशी अट घातली. मुलगा हॅरी वाइडनर 1912 मध्ये टायटॅनिकवर गेला, हे खरं. आईने त्याच्या स्मरणार्थ ग्रंथालय दिलं आणि ते 1915 मध्ये उघडलं, हेही खरं. पोहण्याची अट मात्र देणगीच्या कागदांत नाही.

नापास होण्याच्या गोष्टी वेगळ्या ठेव. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात घंटा वाजत असताना मनोऱ्याखालून गेलं तर परीक्षेत दांडी उडते म्हणतात. बोलोन्यात पदवी मिळण्याआधी आसिनेल्ली मनोरा चढला तर पदवी मिळतच नाही म्हणतात. खरंखोटं करण्याची ही जागाच नाही. परीक्षेआधीची धाकधूक सगळ्यांनी मिळून एका दगडावर ठेवलेली असते. तू चालताना तिथल्या मुलांचे पाय बघ. कोण वळसा घालून जातं आणि कोण सरळ, त्यावरून गोष्ट अजून जिवंत आहे का ते कळेल.

प्रश्न : आम्ही गेलो तेव्हा ग्रंथालयाची इमारत बाहेरच्यांसाठी बंद होती. पास लागतो म्हणाले. एवढ्या लांब जाऊन बंद दार बघून परतलो, याचं फार वाईट वाटतं.
— एक निवृत्त शिक्षक

उत्तर : सर, वाईट वाटणं साहजिक आहे. जाण्याआधी पत्र किंवा ईमेल टाकून ठेवलं तर बऱ्याच ठिकाणी दिवसापुरता पास मिळतो. परीक्षेचा आणि पदवीदानाचा आठवडा टाळायचा. दारावरच्या माणसाचं नाही हे उत्तर वाचकांसाठी असतं, हे मी स्वतः त्या दारावर उभी राहिल्यामुळे सांगू शकते. आत एखादा मुलगा पहाटेपासून बसलेला असतो आणि त्याला दर पाच मिनिटांनी फोटो काढणारे नको असतात.

पण ग्रंथालय बाहेरूनही वाचता येतं. पुस्तकांना ऊन चालत नाही, ओल चालत नाही, किडा चालत नाही. या तीन शत्रूंशी त्या इमारतीने काय केलंय, ते शोधायचं.

मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला वरच्या दहा मजल्यांत जवळजवळ खिडक्याच नाहीत, कारण तिथे पुस्तकांची कोठारं आहेत. एवढ्या मोठ्या आंधळ्या भिंतींचं करायचं काय? वास्तुकार आणि चित्रकार हुआन ओ'गॉर्मन यांनी चारही भिंतींवर मिळून सुमारे 4,000 चौरस मीटरचं दगडी चित्र जडवलं. त्यात देशाच्या निरनिराळ्या भागांतून आणलेले नैसर्गिक रंगाचे दगड आहेत. उत्तरेच्या भिंतीवर स्पॅनिश लोक येण्यापूर्वीचा काळ, दक्षिणेच्या भिंतीवर वसाहतीचा काळ, पूर्वेला आधुनिक जग आणि पश्चिमेला विद्यापीठ व आजचा मेक्सिको. हे सगळं बाहेर आहे. त्याला पास लागत नाही. फक्त इमारतीला पूर्ण फेरी मारली पाहिजे, आणि समोरून फोटो काढून निघणारे नेमकं तेच करत नाहीत.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचं बायनेकी ग्रंथालय मात्र बाहेरून राखाडी चौकोनी पेटी वाटतं. दुर्मीळ पुस्तकांसाठी 1963 मध्ये उघडलेल्या या इमारतीच्या भिंतींत खिडक्यांऐवजी सव्वा इंच जाडीच्या संगमरवराच्या फरशा बसवल्या आहेत. दिवसा आत उभं राहिलं की ऊन त्यातून मधासारखं झिरपतं आणि दगडाच्या शिरा उजळतात, पण पुस्तकांना झोंबेल एवढं ऊन आत येत नाही. इथे मी तासभर नुसती बसले होते.

आणि पोर्तुगालमधल्या कोइंब्राला गेलात, तर राजा पाचवा जुआंव याच्या काळातलं, 1728 मध्ये बांधून झालेलं जुआनिना ग्रंथालय आहे. सोनेरी नक्षीची कपाटं, जाडजूड भिंती. किड्यांचा बंदोबस्त तिथे वटवाघळं करतात. ती ग्रंथालयातच राहतात आणि रात्री बाहेर येऊन किडे खातात. म्हणून संध्याकाळी कर्मचारी जुन्या लाकडी टेबलांवर चामडं पसरतात आणि सकाळी ते उचलून सगळं साफ करतात. मी आयुष्यभर डांबराच्या गोळ्या ठेवल्या, पण माझ्या गोळ्यांपेक्षा ती वटवाघळं कामाला वक्तशीर आहेत असं माझं मत आहे.

प्रश्न : आईचं वय 74, गुडघे दुखतात. तिला विद्यापीठं बघायची फार हौस, कारण तिला स्वतःला शिकता आलं नाही. पण जिथे जावं तिथे मनोरा आणि पायऱ्या. काय करू?
— एक मुलगा

उत्तर : मनोरा चढलाच पाहिजे असं कुठे आहे? मनोरे ऐकायला बांधलेले असतात. आईंना खाली चांगल्या बाकावर बसवा आणि टोल्यांची वेळ आधी विचारून ठेवा.

ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात ख्रिस्तोफर रेन यांनी आराखडा केलेला टॉम मनोरा आहे. त्यातली ग्रेट टॉम नावाची घंटा रोज रात्री 9 वाजून 5 मिनिटांनी 101 टोले देते. कॉलेजात मुळात 100 विद्यार्थी असायचे, पुढे त्यांत एकाची भर पडली. त्या प्रत्येकासाठी एक टोला. आणि नऊ वाजून पाच का? ऑक्सफर्ड ग्रिनिचच्या पश्चिमेला आहे. सूर्याप्रमाणे पाहिलं तर तिथले नऊ पाच मिनिटं उशिरा वाजतात. साऱ्या देशाने एक घड्याळ मान्य केलं, तरी या घंटेने आपला सूर्य सोडला नाही. 101 टोले आईंबरोबर मोजा. मध्ये चुकायला होतं, मग पुन्हा हसून मोजायचं.

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोराही असाच खालून बघण्याचा. 280 फूट उंच, 1878 मध्ये पूर्ण झालेला. प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली आणि मनोऱ्याला आपल्या आईचं नाव दिलं. आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट कधी भारतात आलेच नाहीत. आपण काढलेला मनोरा त्यांनी उभा राहिलेला पाहिला नाही आणि तुमच्या आई मात्र त्याच्या सावलीत बसून पाहू शकतात. हे त्यांना जरूर सांगा.

लिफ्ट असलेलं ठिकाण हवं असेल तर अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचा सॅदर मनोरा आहे, 307 फुटांचा. लिफ्ट संपल्यावरही वर थोड्या पायऱ्या उरतात, एवढं लक्षात ठेवा. त्या मनोऱ्याच्या मधल्या मजल्यांवर प्राचीन प्राण्यांची हाडं साठवलेली आहेत आणि शेंड्याला 61 घंटांचा वाद्यमेळ आहे. लिफ्टमध्ये आईंना सांगा, की आपण आत्ता हाडांच्या शेजारून वर चाललोय.

बाकी चालण्याचं म्हणाल, तर नकाशातल्या सरळ रेषेवर विसंबू नका. परिसराच्या कार्यालयात विचारा, की व्हीलचेअर कुठून कुठे नेता येते. तो रस्ता बहुधा मागच्या बाजूने जातो आणि कर्मचाऱ्यांच्या रोजच्या वापरातला असतो. मी पाय मुरगळल्यावर तीन आठवडे त्या रस्त्याने गेले होते. तेवीस वर्षांत न दिसलेलं एक बकुळीचं झाड मला तिथे दिसलं.

प्रश्न : आमचं विद्यापीठ नवं आहे. सगळं काँक्रीट. दाखवण्यासारखं काहीच नाही, तरी पाहुण्यांना फिरवायची जबाबदारी माझ्यावर आलीय.
— विद्यार्थी प्रतिनिधी

उत्तर : काँक्रीटला कमी लेखू नकोस. व्हेनेझुएलात काराकासचं विद्यापीठनगर कार्लोस राउल व्हियानुएवा यांनी विसाव्या शतकात काँक्रीटमध्येच उभारलं आणि 2000 मध्ये त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. तिथल्या मोठ्या सभागृहाच्या छताला अलेक्झांडर काल्डर यांचे रंगीत ढग टांगलेले आहेत. पाहणाऱ्याला ते शिल्प वाटतं, पण आवाज नीट पसरावा म्हणून ते तिथे आहेत. तुमच्याही सभागृहाच्या छतात, भिंतींत आवाजासाठी काहीतरी केलेलं असेलच. पाहुण्यांना मागच्या रांगेत बसव, तू व्यासपीठावर जा आणि आवाज न चढवता बोल. त्यांना इमारत कानांनी कळेल.

मग त्यांना हिरवळीतून पडलेल्या पायवाटा दाखव. आराखड्यात रस्ता एकीकडे असतो आणि मुलं दुसरीकडूनच जातात. कुठल्या दोन इमारतींमध्ये अशी वाट पडली आहे, हे सांगणं फार महत्त्वाचं. आमच्याकडे वसतिगृहापासून ग्रंथालयापर्यंत अशी एक वाट होती आणि दर पावसाळ्यानंतर ती पुन्हा उमटायची. मला तिचा अभिमान होता.

प्रश्न : मी चाळीस वर्षांनी माझ्या विद्यापीठात नातवाला घेऊन जाणार आहे. आमचा वर्ग पाडला, वसतिगृहाला दुसरं नाव दिलं. फलकांवर सगळीकडे देणगीदार आणि मोठी माणसं. आमच्यासारख्यांची तिथे काय खूण असणार? त्याला मी काय दाखवू?
— एक माजी विद्यार्थी

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. हा प्रश्न मी स्वतः मनात घेऊन फिरले आहे. म्हणून आधी जिथे खुणा सापडल्या, त्या जागा सांगते.

जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठात विद्यार्थ्यांची कोठडी आहे. 1778 पासून 1914 पर्यंत विद्यापीठ आपल्या मुलांना स्वतःच शिक्षा करायचं. रात्री दंगा केला, गावात खोड्या काढल्या की थोडे दिवस इथे डांबायचं. आज त्या खोल्यांत बोटभर जागा मोकळी नाही. भिंतीवर, छतावर, जिन्यावर मुलांनी काजळीने आणि रंगाने नावं, तारखा आणि आपल्या चेहऱ्यांच्या सावल्या काढून ठेवल्या आहेत. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात घामाची खोली म्हणतात अशी एक लहानशी खोली आहे. अंतिम परीक्षेचा निकाल कळेपर्यंत विद्यार्थी तिथे बसून राहायचे. पदवी मिळाली की भिंतीवर सही करायची. मोठ्या लोकांच्या सह्या आहेत, पण त्यांच्या अवतीभवती कुणाला माहीत नसलेल्यांच्या शेकडो आहेत आणि सगळ्यांचे हात सारखेच घामेजले असणार. बोलोन्याच्या आर्किजिनाझिओच्या भिंतींवर सुमारे 6,000 कुलचिन्हं उरली आहेत. त्यांतली बरीचशी तिथे शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांची आहेत.

काही खुणा मात्र फार उशिरा आल्या. इटलीतच पादुआला 25 जून 1678 रोजी एलेना कोर्नारो पिस्कोपिया या बाईंना तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट मिळाली. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. त्यांचा पुतळा तिथल्या जुन्या इमारतीत जिन्याच्या पायथ्याशी आहे, जिथून वर जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्याजवळून जावं लागतं. डब्लिनच्या ट्रिनिटीमध्ये 65 मीटर लांबीच्या जुन्या ग्रंथालयात विद्वानांचे अर्धपुतळे ओळीने आहेत. 2023 पर्यंत त्यांत एकही बाई नव्हती. त्या वर्षी चार जणींचे पुतळे आले आणि त्यांत शास्त्रज्ञ रोझालिंड फ्रँकलिन आणि गणिती एडा लव्हलेस आहेत. आणि मघाशी मी ज्या व्हर्जिनियाच्या हिरवळीचं कौतुक केलं, ती जमीन सपाट करणारे, विटा भाजणारे, रांधणारे, लाकडं फोडणारे हात गुलामांचे होते. त्यांचं ग्रॅनाइटचं गोल स्मारक तिथे 2020 मध्ये उभं राहिलं. सुमारे 4,000 माणसांसाठी दगडात 4,000 खाचा आहेत. ज्यांची नावं सापडली त्यांची नावं खाचेवर कोरली आहेत, आणि बहुतेक खाचांवर नाव नाही. रोटुंडा पाहणाऱ्याने तिथपर्यंत चालत गेलंच पाहिजे, असं मला वाटतं.

आता तुमचं. नातवाला आधी पाडलेल्या वर्गाच्या जागी न्या. तिथे आता काय आहे ते त्यालाच बघून सांगू दे. मग तुम्ही पावलं टाकून दाखवा की दार इथे होतं, फळा तिथे, आणि मी या रांगेत बसायचो. मुलांना अशी न दिसणारी खोली फार आवडते. ती त्यात खरोखर आत-बाहेर करतात.

मग ग्रंथालयात जा. काउंटरवर विचारा की जुने प्रबंध, जुनी नोंदणीपुस्तकं, वार्षिक अंक कुठे ठेवतात. वर्ष सांगितलंत तर कुणीतरी शोधून देईल. मी असते तर नक्की दिली असती. आमच्याकडे पुस्तकांच्या मागच्या पानावर तारखांचे शिक्के मारलेली चिठ्ठी चिकटवलेली असायची. अशी चिठ्ठी असलेलं, तुम्ही त्या काळात वाचलेलं एखादं पुस्तक तिथे अजून असू शकतं. एकदा असेच एक आजोबा आले होते. यंत्रशास्त्राचं एक जाडं पुस्तक त्यांनी मागितलं, मागचं पान उघडलं आणि एका शिक्क्यावर बोट ठेवलं. ती तारीख त्यांच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यातली होती. त्यांच्यानंतर अकरा वर्षं ते पुस्तक कुणी नेलेलं नव्हतं. बरोबरच्या मुलीने विचारलं, "आजोबा, तुम्ही हे वेळेवर परत केलं होतं का?" ते म्हणाले, "नाही, दोन दिवस उशीर झाला होता." मी वही उघडून बघितलं नाही. पुस्तक पुन्हा त्यांच्या नावावर लिहिलं आणि नवी तारीख टाकून त्या मुलीच्या हातात दिलं.